जास्वंद सतत फुलावी म्हणून: लागवड, छाटणी आणि निगा

जास्वंद जगवणे अवघड नाही. ती सतत फुलत ठेवणे हे मात्र निगेचे काम आहे. रोप आणले तेव्हा कळ्यांनी लगडलेले होते, पण दोन-तीन महिन्यांत फुले थांबली, किंवा कळ्या येतात खऱ्या, पण उमलण्याआधीच गळून पडतात, या दोन तक्रारी सर्वाधिक ऐकू येतात आणि दोन्हींचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी असते. जास्वंदीची कळी जुन्या लाकडावर येत नाही. ती नव्याने वाढणाऱ्या फांदीवर, शेंड्याजवळच्या पानाच्या बगलेत येते. फांदी वाढत राहिली की पुढचे पान फुटते आणि त्याच्या बगलेत पुढची कळी धरते. वाढ खुंटली की फुलेही थांबतात. शिवाय बहुतेक जातींत एक फूल एकच दिवस टिकते, त्यामुळे झाडावर रोज फूल दिसायचे असेल तर रोज नवी कळी तयार व्हावी लागते. म्हणूनच ऊन, माती, पाणी, खत आणि छाटणी या सगळ्यांचा विचार एकाच प्रश्नाच्या अंगाने करावा: यामुळे नव्या फुटीत खंड पडेल का?

झाडाची ओळख आणि जातीची निवड

जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असून लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये तिचे वर्णन केले. भेंडी, कापूस आणि अंबाडी ही तिच्याच कुळातली झाडे आहेत, आणि फुलाच्या मधोमध बाहेर आलेला केसरांचा दांडा पाहिला की हे नाते लगेच पटते. या दांड्यावर बाजूने पिवळे परागकोश असतात आणि टोकाला मखमली गोंड्यासारख्या पाच कुक्षी असतात. आज बागांतून दिसणाऱ्या जास्वंदी शतकानुशतके झालेल्या संकरांतून आलेल्या आहेत आणि त्यांच्या स्वभावात पुष्कळ फरक आहे. हा फरक निवडीच्या वेळी लक्षात घेतला नाही तर पुढची सगळी निगा चुकीच्या अपेक्षेवर उभी राहते.

साधी, पाच पाकळ्यांची लाल किंवा गुलाबी जास्वंद ही सर्वांत काटक असते. ती फाट्यांपासून, म्हणजे फांदीच्या तुकड्यांपासून, सहज लागते, छाटणी सोसते, थोडे दुर्लक्षही सहन करते आणि जमिनीत दोन ते तीन मीटर उंच सहज होते. याउलट मोठ्या फुलांच्या, दोन-तीन रंगांच्या शोभिवंत संकरित जातींची फुले हाताच्या पंजाएवढी असली तरी त्यांची मुळे नाजूक असतात, वाढ मंद असते आणि म्हणूनच त्या बहुधा जोमदार जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसह असलेल्या खोडावर, कलम करून विकल्या जातात. बहुपाकळी जातींत कळी गळण्याचे प्रमाण एकेरी जातींपेक्षा मुळातच जास्त असते. ज्यांनी यापूर्वी जास्वंद लावलेली नाही त्यांनी पहिले झाड एकेरी, साध्या जातीचेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर हात बसला की मग संकरित जातींकडे वळावे.

खरेदी करताना आणखी दोन झाडांशी गल्लत होते. ज्याची लाल फुले लोंबती असतात आणि कधीच पूर्ण उमलत नाहीत ते झाड मालव्हाव्हिस्कस या निराळ्या प्रजातीचे आहे. ज्याच्या पाकळ्या झालरीसारख्या चिरलेल्या आणि मागे वळलेल्या असून फूल लांब देठावर खाली लटकते ती हिबिस्कस शायझोपेटॅलस, म्हणजे पूर्व आफ्रिकेतली जास्वंदीची बहीण. दोन्ही सुंदर आहेत आणि त्यांची निगाही बरीचशी सारखी आहे, पण उमलते मोठे फूल हवे असेल तर ही झाडे नव्हेत.

रोप पारखताना

रोपवाटिकेत कळ्या मोजण्यापेक्षा झाडाचे शेंडे पाहावेत. शेंड्याची कोवळी पाने सरळ आणि तुकतुकीत असावीत. ती आखडलेली, गुंतलेली किंवा गाठीसारखी झालेली असतील तर तिथे किडीचा उपद्रव झालेला आहे असे समजावे. पानाची खालची बाजू आणि पान जिथे फांदीला जोडलेले असते ते बेचके नीट निरखावे, कारण पिठ्या ढेकणाचा, म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या दिसणाऱ्या रसशोषक किडीचा, पहिला पांढरा ठिपका तिथेच सापडतो. शक्य असल्यास रोप पिशवीतून थोडे सरकवून मुळे पाहावीत. पांढरी किंवा फिकट बदामी मुळे निरोगी असतात. काळी, मऊ आणि कुबट वासाची मुळे कुजलेली असतात. कलमी रोप असेल तर जोड पक्का आहे ना आणि त्याच्या खालून फुटवे आलेले नाहीत ना, हेही पाहावे.

लहानशा कुंडीतले, ठेंगणे, दाट पानांचे आणि कळ्यांनी भरलेले रोप पाहून पुष्कळ जण हुरळून जातात. अशा रोपांपैकी अनेकांना व्यापारी उत्पादनात वाढरोधक रसायन दिलेले असते, त्यामुळे दोन पेऱ्यांमधले अंतर आखूड राहते आणि झाड आटोपशीर दिसते. काही महिन्यांनी त्या रसायनाचा परिणाम ओसरला की फांद्या एकदम लांब सुटू लागतात. झाड बिघडले असे त्यावरून समजू नये. ते आपल्या मूळ चालीवर आलेले असते आणि तिथून पुढे त्याला छाटणीनेच आकार द्यावा लागतो.

जागा

भरपूर फुलांसाठी रोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन लागते. सावलीत जास्वंद मरत नाही, उलट पाने मोठी आणि गडद होतात, आणि नेमके त्यामुळेच ती सुखात आहे असा गैरसमज होतो. फुलासाठी लागणारे अन्न मात्र अपुऱ्या उजेडात तयार होत नाही. फार कडक उन्हाळा असतो तिथे सकाळचे पूर्ण ऊन आणि दुपारनंतर विरळ सावली ही मांडणी उत्तम ठरते, विशेषतः मोठ्या फुलांच्या संकरित जातींसाठी. साधारण १५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात वाढ जोमदार होते. तापमान १० अंशांच्या खाली उतरले की वाढ जवळजवळ थांबते, आणि पाणी गोठवणाऱ्या थंडीत झाड टिकत नाही. सतत सुसाट वारा लागणारी जागा टाळावी, कारण वाऱ्याने माती लवकर सुकते आणि कळ्या घासून खराब होतात.

जागा एकदा ठरली की ती वारंवार बदलू नये. कळ्यांनी भरलेली कुंडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवल्यावर आठवडाभरात कळ्या गळणे हे इतके नेहमीचे आहे की फूल दाखवण्यासाठी कुंडी घरात आणून ठेवायचा मोह आवरलेलाच बरा.

माती, कुंडी आणि लावणी

जास्वंदीला ओल हवी असते, पण मुळांशी साचलेले पाणी चालत नाही, आणि मातीची सारी तयारी या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठी असते. कुंडीसाठी चार भाग बागेची माती, दोन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) हे मिश्रण चांगले ठरते. पाऊस फार असेल तिथे कोकोपीट निम्म्यावर आणून वाळू वाढवावी. कोकोपीट वापरण्यापूर्वी एक-दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असू शकतात. मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.८ या दरम्यान, म्हणजे किंचित आम्लाच्या बाजूला, असावा. सामू त्याहून वर गेला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात.

मिश्रण जमले की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी: कुंडी भरून, रोप लावण्याआधी, तिला वरपर्यंत पाणी द्यावे. पाणी अर्ध्या-एक मिनिटात मातीत मुरून तळाच्या छिद्रांतून बाहेर पडू लागले तर निचरा ठीक आहे. पृष्ठभागावर ते तळ्यासारखे थांबून राहिले तर मिश्रण पुन्हा मोकळे करावे. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची पद्धत सर्रास आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही आणि ओल मातीच्या तळाशीच अडकून राहते. छिद्रावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरतो.

लहान रोप थेट मोठ्या कुंडीत लावू नये. मुळे न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुज तिथूनच सुरू होते. मुळांच्या गोळ्यापेक्षा चारही बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर मोठी कुंडी घ्यावी आणि वाढीनुसार टप्प्याटप्प्याने १२ ते १४ इंचांच्या कुंडीपर्यंत जावे. रोप चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात आलेले असेल तर तो गोळा तसाच पुरणे धोक्याचे असते, कारण भोवतालची हलकी माती भिजते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती बोटांनी हलकेच सुटी करावी आणि वर्तुळाकार फिरलेली मुळे मोकळी करावीत. रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच खोल लावावे. कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. लावणीनंतर आठवडाभर रोप उजेडाच्या सावलीत ठेवून मग क्रमाने उन्हात न्यावे. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.

जमिनीत लावायचे असल्यास दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. एकटे झाड हवे असेल तर दोन रोपांत दीड ते दोन मीटर, कुंपण करायचे असेल तर साधारण एक मीटर अंतर ठेवावे.

पाणी

पाण्याचे वेळापत्रक ठरवू नये. माती पाहून पाणी द्यावे. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुकलेला लागला की तळातून पाणी निघेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि मग पुन्हा थर सुकेपर्यंत थांबावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याने वरची माती ओली दिसते आणि खालची मुळे तहानलेली राहतात. कडक उन्हाळ्यात कुंडीला दिवसातून दोनदाही पाणी लागू शकते, तर थंडीत किंवा पानगळीनंतर आठवड्यातून एक-दोनदा पुरते. पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून पाहावे, कारण मुळे कुजल्यावरही पाने अगदी तशीच मलूल होतात, आणि तेव्हा आणखी पाणी देणे म्हणजे झाड संपवणे होय.

जमिनीतल्या झाडाभोवती वाळलेल्या पानांचे पाच सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

खत

सतत वाढणारे आणि सतत फुलणारे झाड सतत खाणारेही असते, म्हणून जास्वंदीला थोडे पण नियमित खत द्यावे लागते. इथे एक रूढ समज बाजूला ठेवावा लागतो. फुलांसाठी स्फुरद (फॉस्फरस) द्यावे असे सरसकट सांगितले जाते आणि त्यापोटी हाडांची पूड, सुपर फॉस्फेट किंवा डीएपी ही स्फुरदयुक्त खते कुंडीत वारंवार घातली जातात. स्फुरदाचा साठा जास्त झाला की लोह आणि जस्त यांचे शोषण अडते, आणि जास्वंद या बाबतीत हळवी आहे, असा तिच्या जाणकार बागायतदारांचा अनुभव आहे. ते नत्र (नायट्रोजन) मध्यम, स्फुरद कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त असे प्रमाण वापरतात. नत्राने फूट येते आणि पालाशाने फांदीला बळ व फुलाला रंग येतो.

व्यवहारात याची मांडणी अशी करता येते. बारा इंची कुंडीला दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ नीमपेंड वरच्या मातीत मिसळून द्यावी. जोडीला, वाढीच्या हंगामात दर आठ-दहा दिवसांनी विद्राव्य खत अगदी सौम्य करून, म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम, द्यावे. १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले खत सहज मिळते आणि अधूनमधून चालते, पण त्यात स्फुरद नत्राइतकाच असल्यामुळे तेच एकमेव खत करू नये. आलटून पालटून सल्फेट ऑफ पोटॅशसारखे पालाश देणारे खत वापरावे. मॅग्नेशियम सल्फेट महिन्यातून एकदा लिटरला तीन ते पाच ग्रॅम या प्रमाणात दिल्यास जुन्या पानांची हिरवाई टिकते.

कोरड्या मातीत रासायनिक खत कधीही देऊ नये. आधी पाणी, मग खत. कुंडीच्या कडेला पांढरा क्षार जमलेला दिसला तर दोन-तीन वेळा भरपूर साधे पाणी ओतून माती धुऊन काढावी आणि पुढचा खताचा हप्ता चुकवावा. झाड आजारी, नुकतेच लावलेले किंवा थंडीने थांबलेले असेल तेव्हा खत बंद ठेवावे.

छाटणी

फूल नव्या फुटीवर येते हे एकदा मान्य केले की छाटणीची भीती उरत नाही. न छाटलेल्या जास्वंदीच्या फांद्या लांबत जातात, खालचा भाग उघडा पडतो आणि मोजकीच फुले दूर शेंड्यांवर दिसतात. छाटलेल्या फांदीवर एका शेंड्याच्या जागी दोन-तीन शेंडे येतात आणि तितक्याच ठिकाणी कळ्या धरतात.

मुख्य छाटणी थंडी संपून ऊब वाढू लागताना करावी, म्हणजे नवी फूट लगेच जोर धरते. कात्री धारदार असावी आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्याआधी तिची पाती स्पिरिटने पुसून घ्यावीत. आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या त्यांच्या बुडापासून कापाव्यात. मग उरलेल्या फांद्यांची लांबी सुमारे एक तृतीयांशाने कमी करावी. काप कुठे घ्यायचा हे पाहताना फांदी हातात धरून डोळे शोधावेत: प्रत्येक पानाच्या देठाच्या वर, सालीत एक बारीकसा फुगीर टिपका असतो. झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या अर्धा सेंटीमीटर वर तिरका काप घ्यावा, म्हणजे फूट बाहेर पसरते आणि झाडाचा मध्यभाग हवेशीर राहतो. कापाच्या खाली फांदीवर शक्यतो काही पाने राहू द्यावीत.

छाटणीनंतर पहिली फुले यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, मोठ्या फुलांच्या जातींत त्याहून थोडे अधिक. एवढा काळ झाड फुलांवाचून ठेवणे जिवावर येत असेल तर फांद्यांचे मनातल्या मनात तीन गट करावेत आणि दर महिन्याला एकेका गटाची छाटणी करावी. झाड काही काळ थोडे बेंगरूळ दिसते, पण एका गटावर फुले असताना दुसऱ्यावर फूट येत असते आणि बहर मोडत नाही. घरगुती बागेसाठी मला हीच पद्धत अधिक पटते.

एक धोका मात्र नेहमी विसरला जातो. छाटणीने पाने कमी झाली की झाडाला पाणीही कमी लागते. पूर्वीच्याच सवयीने पाणी देत राहिल्यास माती ओली राहून मुळे कुजतात, आणि दोष छाटणीला दिला जातो. नवी फूट बोटभर होईपर्यंत पाणी बेताने द्यावे.

कोवळ्या फांदीचा शेंडा चिमटीने खुडण्याची रीत झाड दाट करण्यासाठी उपयोगी आहे, परंतु ती दोनदा करून थांबावे. कळी शेंड्याजवळच येणार असल्याने सतत खुडत राहणाऱ्याच्या वाट्याला दाट पाने येतात, फुले येत नाहीत.

दर दोन वर्षांनी, छाटणीच्याच वेळी, कुंडीतले झाड बाहेर काढून मुळांच्या गोळ्याचा बाहेरचा आणि तळाचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर धारदार सुरीने कापून टाकावा आणि ताज्या मिश्रणासह झाड त्याच कुंडीत लावावे. मुळे आणि फांद्या एकाच वेळी कमी झाल्याने झाडावर ताण राहत नाही.

कळी गळते तेव्हा

जास्वंदीच्या कळीचा देठ जवळून पाहिला तर कळीच्या थोडे खाली एक बारीक सांधा दिसतो. कळी गळते ती याच सांध्यातून. आधी सांध्याशी पिवळी कडी उमटते, मग कळी फिकट होते आणि हलक्या धक्क्यानेही सुटते. गळलेली कळी केरात टाकण्याआधी ब्लेडने उभी चिरून पाहावी. बहुतेक वेळा कारण आतच सापडते.

आत सर्व काही स्वच्छ असेल आणि लहानमोठ्या कळ्या दोन-तीन दिवसांत एकदमच गळल्या असतील, तर झाडाला ताण बसला आहे: माती एकदा पूर्ण सुकून गेली असेल, उष्णतेची लाट आली असेल, कुंडी हलवली असेल किंवा खत तीव्र झाले असेल. यावर फवारणी करण्याचे कारण नाही. कारण दूर केले की पुढच्या कळ्या टिकतात. पाकळ्यांच्या कडांवर तपकिरी ओरखडे दिसत असतील आणि जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे सडपातळ किडे लगबगीने पळत असतील तर ते फुलकिडे होत. कळीच्या बुडाशी, केसरांच्या आसपास, पांढुरक्या-पिवळट बारीक अळ्या वळवळत असतील तर तो कळीमाशीचा उपद्रव समजावा. ही माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या आतून कळी खातात आणि कळी गळल्यावर मातीत जाऊन कोष करतात. त्यामुळे कळीवर वरून केलेली फवारणी अळीपर्यंत पोहोचत नाही. गळलेल्या आणि झाडावरच पिवळ्या पडलेल्या सर्व कळ्या रोज वेचून बंद पिशवीत घालून टाकणे हाच चक्र तोडण्याचा मार्ग आहे, आणि तो काही आठवडे न चुकता पाळावा लागतो.

पाने पिवळी पडणे

सर्वांत खालची एखाद-दुसरी पाने पिवळी होऊन पडणे नैसर्गिक आहे. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे, आणि बहुधा मातीचा वाढलेला सामू किंवा क्षारयुक्त जड पाणी तिच्या मुळाशी असते. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, द्यावे; माती अल्कधर्मी असेल तर पाकिटावर ईडीटीए लिहिलेल्यापेक्षा ईडीडीएचए प्रकारातले लोह अधिक काळ उपलब्ध राहते. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. झाडभर पाने एकदम पिवळी पडून गळत असतील तर खताकडे न वळता आधी मुळे तपासावीत.

किडी

मावा, पांढरी माशी आणि तुडतुडे हे कोवळ्या पानांतील रस शोषतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा आठवड्यातून दोनदा मारल्याने सुरुवातीचा उपद्रव आटोक्यात येतो. तेवढ्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि ते विरघळण्यासाठी एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नसल्याने पाच-सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या कराव्या लागतात. काही रासायनिक कीटकनाशकांनी जास्वंदीची पाने भाजतात किंवा गळतात, म्हणून कोणतेही औषध आधी एकाच फांदीवर वापरून दोन दिवस वाट पाहावी.

पिठ्या ढेकूण हा या झाडाचा खरा वैरी आहे. त्यातल्या गुलाबी पिठ्या ढेकणाच्या लाळेने शेंडे आखडून गाठीसारखे होतात, आणि तसा शेंडा पुन्हा कधी सरळ होत नाही, म्हणून तो कापून बंद पिशवीत टाकणेच योग्य. ही कीड १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर आढळली आणि तिथून आसपासच्या बेटांवर पसरली. तिला आवर घालण्यात अनागायरस कमाली ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणि क्रिप्टोलेमस हा भुंगेरा यांचा मोठा वाटा होता. या भुंगेऱ्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणकट धाग्यांनी झाकलेली असते, त्यामुळे तिला मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडले जाते. ढेकणापेक्षा ठळकपणे मोठी, लांब धाग्यांची आणि चपळ चालणारी अळी दिसली तर तिला हात लावू नये आणि त्या झाडावर फवारणीही थांबवावी. उरलेल्या ढेकणांसाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांच्यावर टेकवावा. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण ढेकणांच्या गोड स्रावासाठी त्या त्यांचे शत्रूंपासून रक्षण करतात.

कोरड्या, उष्ण हवेत पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला तलम जाळी दिसली तर तो लाल कोळी असतो. तो कीटक नसल्यामुळे नेहमीची कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत; उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून तो वाढतो. पाण्याचा फवारा आणि पानांखालची ओल हाच इथे पहिला उपाय होय.

नवी रोपे तयार करणे

साध्या जातींसाठी फाटे कलम सर्वांत सोपे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, हिरवेपण सोडून तपकिरी होऊ लागलेली फांदी निवडावी. त्यातून १२ ते १५ सेंटीमीटरचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे करावेत आणि खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, ठेवलेली पानेही अर्धी कापावीत आणि कळी असल्यास ती खुडावी. खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात (वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यात) बुडवून, जाड वाळू आणि कोकोपीट यांच्या समभाग मिश्रणात दोन डोळे गाडले जातील असे खोचावे. वरून पारदर्शक पिशवी घालून उजेडाच्या सावलीत ठेवल्यास चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. फाट्यावर पालवी फुटली म्हणजे मूळ फुटले असे नव्हे. ती पालवी काडीतल्या साठ्यावरही येते. म्हणून कुंडीच्या छिद्राशी मुळे दिसेपर्यंत काडी उपटून पाहू नये.

फाट्याने न लागणाऱ्या जातींसाठी गुटी कलम करावे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फोडावीत. पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड फांदीवर दोन ते अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढून आतला निसरडा थर खरवडावा, तिथे ओले स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) बांधून त्यावर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळावे. सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसू लागली की गुटीच्या खाली फांदी कापून ती सावलीत लावावी.

नाजूक संकरित जाती साध्या जास्वंदीच्या खुंटावर पाचर कलमाने, म्हणजे खुंटाच्या चिरेत पाचरीसारखी तासलेली काडी बसवून, वाढवतात. अशा झाडाच्या जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी काढावा. खुंट जोमदार असल्याने तो वरच्या कलमाला मागे टाकतो, कलम हळूहळू मरते आणि मग फुलाचा रंग बदलला असे वाटू लागते.

बियांपासून मूळ झाडासारखे झाड मिळत नाही, परंतु नवीन रंग मिळवण्याचा मार्ग तोच आहे. सकाळी, फूल पूर्ण उमलल्यावर, एका जातीचे पराग दुसरीच्या पाचही कुक्षींना अलगद लावावेत. फळ धरले तर ते पिकायला सुमारे दोन महिने लागतात आणि तडकण्याआधी त्याला जाळीची पिशवी बांधावी लागते. बीचे कठीण कवच, कोंबाचे टोक सांभाळून, किंचित कोरून रात्रभर पाण्यात भिजवले की ते लवकर रुजते. रोप फुलायला एक ते दोन वर्षे लागतात. पहिले फूल बहुधा लहान आणि फिकट येते, त्यामुळे रोप ठेवायचे की काढायचे हे दुसरा बहर पाहूनच ठरवावे.